"इकडे बघ" न म्हणता : मुलांच्या फोटोंच्या पाच महिन्यांच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला, पुण्यातल्या तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद झालं, म्हणून फोनमधले फोटो आवरायला घेतले. मुलांचे तेवढे वेगळे काढले तर ४,३१२ निघाले. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीन. बघत गेले तशी अस्वस्थ होत गेले. सगळीकडे तेच : मान तिरपी, दोन बोटं वर, सगळे दात बाहेर. धाकटा तर समोर फोन दिसला की खेळता खेळता थांबतो, "चीऽऽज" म्हणतो आणि परत खेळायला लागतो. हे त्याला आम्हीच शिकवलंय.

थोरलीला खरं हसू येतं तेव्हा ती आधी खालचा ओठ दाताखाली धरते, नाकावर बारीक सुरकुत्या पडतात आणि मग हसू फुटतं. घरात सगळ्यांना ते पाठ आहे. चार हजार फोटोंत ते एकदाही सापडलं नाही.

म्हणून ठरवलं. भाऊबिजेपर्यंत ४८ प्रिंट, एका अल्बममध्ये बसतात तेवढे. घरातले, जिन्यातले, टेकडीवरचे, मुलं आपापल्या कामात असतानाचे. तीन वाक्यं आजपासून बंद : "इकडे बघ", "हस ना" आणि "परत एकदा कर". नोंदी ठेवतेय, कारण असं काही करायला घेतलेल्या दुसऱ्या आईबापांचे पैसे आणि रविवार वाचले तर बरंच आहे.

साधन : नवऱ्याने २०१८ साली घेतलेला निकॉन डी५६०० आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स. दोन वर्षं कपाटात पडून होता. बॅटरी धरत नव्हती, नवी घेतली, १,२०० रुपये.

शनिवार, ७ जून

आठवड्यात ६१२ फोटो. ठेवण्यासारखे चार.

बाकीचे बहुतेक हललेले. कॅमेरा ऑटोवर होता. घरात पावसाळी उजेड, त्यामुळे तो आपल्या मनाने शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, सेकंदाच्या १/४०, कधी १/३० वर नेत होता. शांत बसलेल्या मोठ्या माणसाला तेवढं चालतं. पोळी लाटणाऱ्या धाकट्याचा चेहरा ठीक आला, पण लाटण्यावरचे हात पार पुसून गेले.

आता असं लावलंय : ए मोड (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटो, किमान शटर १/२५०, कमाल आयएसओ ६४००. अंगणात पळापळ असेल तर किमान शटर १/५००. फोकस एएफ-सी वर, म्हणजे मूल हललं की फोकसही त्याच्यामागे जातो. आयएसओ वाढला की फोटो दाणेदार येतात, येऊ देत. दाण्यांची सवय होते, हललेल्या चेहऱ्याची होत नाही.

पण एक अडचण उरली. जुन्या लेन्सचं तोंड झूम केल्यावर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं तोंड मोठं). आयएसओ ६४०० ला पोचला की कॅमेरा माझं ऐकणं सोडतो आणि शटर पुन्हा हळू करतो. संध्याकाळी पाचनंतर घरात हेच होतं. जास्त उजेड घेणारी लेन्स लागणार.

आणखी तीन गोष्टी बंद केल्या : फोकसची बीप, समोर लागणारा फोकसचा दिवा आणि फोटो काढल्यावर पडद्यावर आपोआप दिसणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पडदा उजळला की दोघं "दाखव, दाखव" करत धावत येतात आणि चाललेला खेळ तिथेच मोडतो.

रविवार, २२ जून

इथे पैसे घालवले, म्हणून नीट लिहिते.

८ तारखेला जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स ४,५०० रुपयांना दिसली. स्वच्छ होती, लगेच घेतली. घरी लावली तर फोकस जागचा हलेना. या डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, बॉडीतली मोटर तिला फिरवते, आणि डी५६०० च्या बॉडीत ती मोटरच नाही. हाताने फोकस फिरवायचा प्रयत्न आठवडाभर केला. धाकटा एका जागी फार तर तीन सेकंद असतो. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. काल ती ३,८०० ला गेली. तोटा ७०० रुपये आणि दोन शनिवार.

त्याऐवजी ३५ मिमी एफ/१.८ जी घेतली, वापरलेली, ९,०००. या बॉडीला लेन्स घेताना तिच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय ना, एवढं बघूनच पैसे द्या. आणि घरासाठी ३५ च बरी. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ३५ ची चौकट फिल्मच्या कॅमेऱ्यातल्या ५२ मिमी एवढी पडते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ५० लावून मला सतत भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागत होतं.

रविवार, २९ जून

चार दिवस वाटत होतं की ही लेन्सही बिघडलेली आहे.

आमची बाल्कनी पूर्वेला. सकाळी साडेसात ते नऊ तिथून आत येणारा उजेड घरातला सगळ्यात चांगला, मऊ आणि एका बाजूने येणारा. धाकटा नेमका तिथेच आपल्या गाड्यांची रांग लावतो. पण फोटोत त्याचे गाल काविळीतून उठल्यासारखे हिरवट-पिवळे दिसत होते. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बदलून पाहिला, गाल सुधारले तर भिंत गुलाबी झाली. दोन संध्याकाळी कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करण्यात गेल्या.

शेवटी लक्षात आलं. बाल्कनीला कुंड्यांसाठी हिरवी शेडनेट लावलेली आहे, आणि आत येणारा सगळा उजेड तिच्यातून गाळून येतोय. पावसाळ्यात कुंड्यांना तिची गरजही नाही. स्टूलवर चढून चार तारा कापल्या, दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी धाकट्याचे गाल त्याच्या रंगाचे झाले.

तेव्हापासून फोटो काढायच्या आधी मुलाच्या अवतीभवती काय रंगीत आहे ते बघते. निळ्या चादरीवर पालथं पडून चित्रं काढणाऱ्या मुलीची हनुवटी निळी येते. आता त्या खोलीत फिक्या रंगाची चादर घालते.

शनिवार, ५ जुलै

स्वयंपाकघरातल्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. कार्ड बदललं, लेन्स बदलली, पट्टे तसेच. दोष ओट्यावरच्या स्वस्त एलईडी ट्यूबचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असल्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, १/२५० च्या शटरला कळतं. शटर १/१०० केलं की पट्टे जातात, पण मग हात हलतात. ट्यूब बदलली, ३५० रुपये. दुकानात घ्यायच्या आधी लावून घेतली आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये बघितली. उजेड लुकलुकताना दिसला तर ती ट्यूब घ्यायची नाही.

रविवार, १३ जुलै

बुधवारी थोरली शाळेतून आली ती रडत. पावसात दप्तर भिजलं होतं आणि आत चित्रकलेची वही होती. ती बाल्कनीच्या दाराशी, त्याच चांगल्या उजेडाच्या जागी, वही मांडीवर घेऊन बसली. एकेक पान सुटं करत होती. रंग एकमेकांत उतरले होते. मी आत गेले, कॅमेरा आणला आणि दारामागून ११ फोटो काढले. चांगले आले. पापण्या चिकटलेल्या, एका पानाचा निळा रंग अंगठ्याला लागलेला. मला वाटलं, दीड महिन्यात पहिल्यांदा जमलं. रात्री त्यातला एक घरच्या ग्रुपवर टाकला.

काल माझी मावशी आली. चहा घेता घेता थोरलीला म्हणाली, "काय गं, वही भिजली म्हणून एवढं रडायचं?" थोरली माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली.

रात्री झोपताना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी रडत होते तेव्हा तू कॅमेरा आणायला गेलीस."

मला काहीच बोलता आलं नाही. तिच्याजवळ बसायला हवं होतं, पानांमध्ये रद्दी घालून वही वाळत ठेवायला हवी होती. ती वही तिने एकटीने वाळवली.

आज सकाळी ते ११ फोटो तिच्यासमोर पुसले. ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढायला गेले तर मुदत उलटून गेली होती. म्हणून आठ जणांना एकेक फोन केला आणि पुसायला सांगितलं. ती शेजारी बसून ऐकत होती. मग आम्ही दोघींनी कागदावर लिहिलं, शब्द तिचे :

"नको म्हटलं की कॅमेरा खाली. रडताना नाही. आंघोळीत नाही, कपडे बदलताना नाही. कोणाला पाठवायचा असेल तर आधी मला दाखवायचा. दादूला कळत नाही तोवर त्याचं मी सांगणार."

दादू म्हणजे धाकटा. कागद फ्रिजला लावलाय. सहज फोटो म्हणजे मुलाच्या नकळत काढलेला फोटो, असं मी धरून चालले होते. खोट तिथेच होती. नकळत काढायचं म्हटलं की आपण दाराआड उभे राहतो, आणि दाराआडच्या माणसाला मूल विसरत नाही, फक्त त्याच्यापासून जपायला लागतं.

थोडे दिवस कॅमेरा उचलणार नाही.

रविवार, २७ जुलै

दोन आठवड्यांनी आज.

पद्धत पूर्ण बदलली. कॅमेरा सकाळीच दिवाणावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, झाकण काढून. धाकट्याने दोनदा हाताळला, बटणं दाबली, सोडून दिला. मी फोटो काढायला बसले नाही, पावट्याच्या शेंगा सोलायला बसले. दोघं आपोआप जवळ आली. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं काम. मग कॅमेरा मांडीवर घेतला, तरी कोणी मान वर केली नाही.

रविवार म्हणजे सासूबाईंचा थोरलीच्या डोक्याला तेल लावायचा दिवस. मी उभी राहून एक फोटो काढला तर थोरलीने लगेच वर बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाली बस. तू वर असलीस की ती वर बघणारच." इतक्या दिवसांत हे मला सुचलं नव्हतं. फरशीवर मांडी घालून बसले. या कॅमेऱ्याचा पडदा बाहेर काढून वळवता येतो, त्यामुळे पोटाशी धरूनही काढता येतं. फक्त पडद्यावर बघून काढताना याचा फोकस फार हळू लागतो, बसलेल्या माणसांपुरताच ठीक. हलत्या मुलासाठी डोळा लावूनच काढायचं, लागलं तर पालथं पडून.

खोबरेल कोमट करून वाटीत. सासूबाईंचा अंगठा भांगावरून मागे जातो, परत पुढे येतो, दर वेळी थोरलीची मान थोडी मागे झुकते आणि डोळे मिटतात. धाकटा बाजूला उकिडवा बसला होता. त्याने वाटीत एक बोट बुडवलं, अगदी टोक, आणि ते स्वतःच्या गुडघ्यावर, खरचटलेल्या जागेभोवती, गोल गोल फिरवायला लागला. ओठ पुढे काढून, आजीसारखाच. थोरलीने एक डोळा उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि खालचा ओठ दाताखाली धरला.

दोन फोटो मिळाले. पहिल्यात आजीचं मनगट तिच्या नाकावर आलं. दुसऱ्यात नाकाच्या सुरकुत्यांसकट सगळं आलं. १/२५०, एफ/२.२, आयएसओ १६००. खिडकी माझ्या डावीकडे होती.

पुढे काढले नाहीत. कॅमेरा ठेवला आणि वेणीसाठी रिबिनीचं टोक धरलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

१८-५५ लेन्स कापडी पिशवीत, कपाटात होती. आज दिव्यासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. साफ करायचे १,८०० सांगितले, त्या लेन्ससाठी एवढे घालणार नाही. ३५ वाचवायची म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आणला, मिळून ८५०. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की वाळवायचे. त्यासाठी एक टाकाऊ कढई वेगळी काढली आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात ते दाणे जाऊ द्यायचे नाहीत.

रविवार, १७ ऑगस्ट

काल रात्री कार्ड फॉरमॅट केलं. ते कॉम्प्युटरवर उतरवून झालंय असं मला वाटत होतं. नव्हतं. राखीपौर्णिमेपासूनचे सगळे फोटो त्यात होते.

घाबरून आणखी एक-दोन फोटो काढून बघण्याची इच्छा झाली होती, तेवढं केलं नाही आणि त्यानेच वाचलं. कार्ड ताबडतोब बाहेर काढलं. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त यादी पुसतं, फोटो कार्डावरच असतात, नवे फोटो त्यांच्यावर लिहिले गेले की मग कायमचे जातात. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, तीन तास लागले. ३८७ फोटो परत मिळाले, नावं मात्र गेली, त्यांच्याजागी नुसते आकडे. काढलेली तारीख-वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते, त्यावरून क्रम लावला. आजचा रविवार त्यात गेला.

आता दोन कार्डं आहेत. भरलेलं कार्ड डब्यात पालथं ठेवते, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर आणि बाहेरची हार्ड डिस्क दोन्हीकडे मोजणी जुळली की मगच सुलटं करते.

मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी आज गेल्या. घर भरलेलं होतं, कॅमेरा फारसा काढला नाही. मोदकांच्या वेळी थोरली आणि माझी जाऊ शेजारी बसून कळ्या पाडत होत्या, तेव्हा मोह झाला. एफ/१.८ वर काढले आणि सगळे वाया. एक मीटरवरून या लेन्सला एफ/१.८ वर जेमतेम सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट मिळते. एकीचा चेहरा आला की दुसरीचा धूसर. दोन माणसं असतील तर एफ/४ आणि दोन पावलं मागे. दीड मीटरवरून मग वीतभराहून जास्त मिळतं. आयएसओ वाढतो, वाढू दे.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी आठला तळजाई. ऊन मिळालं म्हणून खूश होते, पण तिथल्या गिरिपुष्पाच्या झाडीतून उन्हाचे कवडसे पडतात. मुलं पळताना डोळ्यांना सुंदर दिसतं, फोटोत कपाळावर पांढरा डाग आणि डोळे काळोखात. शंभरेक फोटो गेले. उघड्यावर, सूर्य मुलांच्या पाठीशी घेऊन, कॅमेऱ्यात उजेड एक पायरी वाढवून काढले ते आठ-दहा चांगले आले. केसांच्या कडा उजळतात आणि डोळे बारीक करावे लागत नाहीत म्हणून चेहरा सैल राहतो.

येताना स्वारगेटहून पीएमपी धरली, धाकट्यासाठी. बसची खिडकी ही फोटोसाठी फार चांगली जागा आहे, इतक्या जवळून, इतका मोठा, बाजूचा उजेड घरातही मिळत नाही. आणि धाकट्याला बसमध्ये आईची शुद्धच नसते. नाक काचेला लावून बसला, काचेवर श्वासाची वाफ, त्यात बोटाने रेघ. बस थरथरते म्हणून शटर १/५००. मागच्या सीटवरच्या आजोबांना विचारलं, "तुम्ही येताय फोटोत, चालेल का?" ते म्हणाले, "मी पण बाहेरच बघतो मग," आणि खरंच बाहेर बघत बसले.

रविवार, १२ ऑक्टोबर

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात किल्ला सुरू. थोरलीने राजगड ठरवलाय. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या आणि वर बालेकिल्ला. विटा, दगड, जुनी पोती, वर गाळलेली माती.

मी आज पहिल्याच तासात माझाच नियम मोडला. किल्ला भिंतीच्या सावलीत होता. म्हटलं, "माती जरा इकडून टाका ना, इथे उजेड आहे." दोघं थांबली. धाकटा माझ्याकडे वळला आणि मातीचे हात वर करून "चीऽऽज". चार महिन्यांत पहिल्यांदा. पोटात कालवलं. कॅमेरा पिशवीत टाकला, घमेलं उचललं आणि संध्याकाळपर्यंत नुसती माती चाळली.

माती चाळतानाच कळलं की सव्वापाचच्या सुमाराला दोन इमारतींच्या फटीतून ऊन येतं आणि संजीवनी माचीवर अर्धा तास थांबतं. सूर्य सहानंतर लगेच जातो. म्हणजे किल्ला हलवायचा नाही, मी सव्वापाचला हजर राहायचं.

रविवार, १९ ऑक्टोबर

आठवडाभर रोज सव्वापाच ते पावणेसहा. ऑफिसातून चार दिवस लवकर निघाले, तो वेळ रात्री भरून काढला. ऊन कडक असेल त्या दिवशी सासऱ्यांचं जुनं धोतर पश्चिमेच्या बाजूला दोन काठ्यांना बांधलं. पांढऱ्या सुती धोतरातून येणारा उजेड विकतच्या कुठल्याही पडद्याला ऐकणार नाही. मुलांना वाटलं ती किल्ल्याची कनात आहे, आणि त्यांनी तिच्याखाली घोडे बांधले.

अळीव सोमवारी पेरले, गुरुवारी मोड दिसले, आज हिरवं झालं. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणले. वाघ महाराजांच्या शेजारी ठेवायचा की गुहेत, यावर अर्धा तास भांडण. मी एका गुडघ्यावर बसून विटेला टेकले होते, दोघांपैकी कोणी माझ्याकडे न्याय मागायलाही आलं नाही. भांडणाचे फोटो सगळ्यात चांगले आहेत. थोरली मातीचा हात केसांना लागू नये म्हणून मनगटाने बट मागे सारते आणि बोलत राहते.

शुक्रवारचा फोटो मला या सगळ्यात जास्त आवडतो. धाकट्याने पद्मावती माचीवर तळं खणलं आणि तांब्याने पाणी ओतलं. पाणी राहीना, कुठूनतरी आत जात होतं. त्याने तीनदा ओतलं. मग तांब्या बाजूला ठेवला, किल्ल्यावर आडवा झाला आणि मातीला कान लावला. डोळे उघडे, तोंड किंचित उघडं. पाणी आत कुठे जातंय ते तो ऐकत होता. मी पाच काढले, पाचही जवळजवळ सारखे, कारण तो हललाच नाही.

नंतर मला म्हणाला, "आई, आत टाकं आहे." मीही कान लावला. खरंच बारीक आवाज येत होता.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे पाच, अभ्यंग. फक्त हाताला तेल-उटणं लावतानाचे आणि दारातल्या पणत्यांचे, आंघोळीचे नाहीत, फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे. दिवे बंद, पणत्यांवर. एफ/१.८, १/८०, आयएसओ ६४००. उजेड एवढा कमी की मुलं हलली की गेलं, म्हणून ती वाती लावताना श्वास रोखतात तेवढ्या क्षणी काढले. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर पणतीचा पिवळा रंगच निघून जातो, उन्हाच्या खुणेवर ठेवला की राहतो. सोळा काढले, तीन ठेवले.

रविवार, २ नोव्हेंबर

भाऊबीज हुकली, दहा दिवसांनी.

कारण प्रिंट. २१ तारखेच्या रात्री बसून ४८ निवडले, उजेड-रंग ठीक केले, दुसऱ्या दिवशी टाकले. आले ते सगळे काळवंडलेले. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ ठेवून अंधाऱ्या खोलीत काम केलं होतं, त्यामुळे जे मला पुरेसं उजळ दिसत होतं ते कागदावर नव्हतं. ५७६ रुपये गेले. पडदा निम्म्यावर आणला, दिवसा काम केलं, आधी सहाच प्रिंट काढून बघितल्या, मग सगळ्या. फोनमधले दोन फोटो घेतले होते, त्यांच्यात डोकी कापली गेली. फोनची चौकट चारास तीनची असते आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोनचा. कॅमेऱ्याचे फोटो बरोबर बसतात. फोनचे आधी स्वतःच कापून द्यायचे.

हिशेब : बॅटरी १,२००, पहिल्या लेन्सचा तोटा ७००, ३५ मिमी ९,०००, ट्यूब ३५०, डबा-सिलिका जेल-मापक ८५०, प्रिंट तिन्ही मिळून १,२२४, अल्बम ६५०. एकूण १३,९७४. फोटो काढले ५,१०० च्या आसपास.

आज दुपारी चौघांनी फरशीवर मांडले. थोरलीने सगळे बघितले आणि तीन बाजूला काढले. का, ते मी विचारलं नाही. एका पाकिटात घालून तिच्या खणात ठेवले. धाकट्याने बसचे सगळे आधी लावून घेतले, एकापुढे एक, गाड्यांसारखे.

तीन जागा रिकाम्या राहिल्या. थोरली आत जाऊन चित्रकलेची ती वही घेऊन आली. पानं वाळून नालीदार पत्र्यासारखी झालेली. त्यातलं एक, निळ्यात लाल उतरलेलं, तिने कात्रीने कापलं. जागेपेक्षा ते थोडं मोठं निघालं. कडा दुमडून मी धरल्या, तिने डिंक लावला.